एक प्रदक्षिणा, आडवी

माझ्या कमरेचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा माझी मोठी बहीण अक्का इस्पितळाच्या बाकावर बसून माझ्या वतीने देवीशी करार करत होती. भूल दिलेली असल्यामुळे मला मत मांडता आलं नाही.

करार असा: भाऊ स्वतःच्या पायांनी घरी आला, तर येत्या जत्रेत तो सातेरीच्या देवळाभोवती लोटांगण घालील. म्हणजे जमिनीवर आडवं पडून, गडगडत, एक पूर्ण प्रदक्षिणा. आणि हा नवस फिटेपर्यंत अक्का मासे खाणार नाही.

मी स्वतःच्या पायांनी घरी आलो. मग पेज वाढता वाढता तिने ही बातमी दिली.

"अक्का, माझ्या कमरेतल्या चकतीचा तुकडा काढलाय," मी म्हणालो. "कमरेच्या माणसाला लोटांगण?"

"माका काय म्हायत, डॉक्टर खंयचा काय काढतलो ता? मी आपलो मोठ्यातलो मोठो नवस बोललंय. ल्हान नवस देवी आयकता?"

डॉक्टरांचा कागद फ्रीजवर चिकटवलेला होता. तीन महिने वाकायचं नाही, कंबर वळवायची नाही, दोन किलोच्या वर उचलायचं नाही. जत्रा पाच आठवड्यांवर. लोटांगणाच्या पहिल्याच पलटीत यातली दोन कलमं मोडत होती.

मंगळवारी आणि शुक्रवारी ब्रेंडा यायची. मालवणची फिजिओथेरपिस्ट, स्कूटरवरून, हातात फाइल. मला भिंतीजवळ उभं करून ती घड्याळ लावायची. आठ मिनिटं, अकरा मिनिटं, बारा. तिच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'रुग्णाचं ध्येय'. तो मी रिकामा ठेवला होता.

"सर, रिकामं नाही चालणार," ती म्हणाली. "कोणी लिहितं होडीत चढायचंय, कोणी लिहितं नातीला उचलायचंय. तुम्हाला काय करायचंय?"

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. ध्येय विद्यार्थ्यांना असतं. मी म्हटलं, नंतर लिहितो.

दरम्यान बाजारात बांगडा आला. ताजा, निळसर, मोसमातला. अक्का तो निवडून आणायची, तिरफळ घालून तिखलं करायची, आम्हाला वाढायची आणि समोर बसून वरणभात कालवायची. तोंडाने तक्रार नव्हती. फक्त माझ्या ताटातल्या काट्याकडे ती ज्या नजरेने पाहायची, त्या नजरेने आमच्या घरात माणसांकडेही कोणी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात माझी बायको गौरजा म्हणाली, "तुम्ही तरी गडगडा, नाहीतर त्यांना मासे खायला लावा. माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

तोडगा शेजारच्या गुरुदासने काढला. गुरुदास एसटीतला निवृत्त कंडक्टर. देवीपुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं तोच घालतो, कारण त्याचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जातो.

"सर, कौल लावूया," तो म्हणाला. "देवीकच इचारूया."

कौल म्हणजे देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यावर मी चार वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये फळ्यावर आकृत्या काढून व्याख्यान दिलं होतं: पाकळीचा ओलावा, वजन, गुरुत्वाकर्षण, वारा. गुरुदास पहिल्या रांगेत होता.

"मगे, जांवया ना?" त्याने विचारलं. "की ओलावो आड येता?"

रविवारी सकाळी दहाला मी कमरेला पट्टा बांधून रिक्षातून देवळात गेलो. चारच माणसांना सांगितलं होतं, त्यामुळे चाळीस जमली होती. गुरवाने पाकळ्या लावल्या. मी खांबाला हात टेकून उभा राहिलो. गुरुदासने घसा साफ केला.

"आई सातेरी, तुझा लेकरू आज तुझ्या पायांकडे इला. तेच्या भयणीन नवस केल्यान. डॉक्टर नको म्हणता. तर ह्यो नवस भयणीन स्वता फेडलो तर चलात काय? चलात तर उजवी दी."

"होय महाराजा," चाळीस जण म्हणाले.

अर्ध्या मिनिटात डावी पडली. अडुसष्ट वर्षांच्या अक्काने पदर खोचून तयारी केली होती. तिने तो नाराजीने सोडला.

दुसरा प्रश्न: यंदा नको, पुढच्या जत्रेत चलात काय? या वेळी चार मिनिटं लागली. उजवी. मागून कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, तो गौरजाने हवेतच पकडला.

"झाला तर," गुरुदास म्हणाला. लोक चपला शोधू लागले.

मी अक्काकडे पाहिलं. पुढची जत्रा म्हणजे आणखी एक वर्ष. ती हात जोडून उभी होती, आणि तिने ते वर्ष आधीच मान्य करून टाकलं होतं.

"थांब रे गुरुदास," मी म्हणालो. "आणखी एक."

गुरुदास घसा साफ करू लागला, पण मीच सुरू केलं. देवळात मी एरवी शुद्ध बोलतो आणि कमी बोलतो.

"आई, पाठ माझी, नवस माझो, आणि पथ्य तिचा. ह्या बरोबर नाय. तिका मासे खावंक दी."

"होय महाराजा," म्हणताना लोकांना जरा वेळ लागला. गुरवाने नव्या पाकळ्या लावल्या.

पाच मिनिटं काही हललं नाही. "पंखो बंद करा, वारो लागता," कोणीतरी म्हणालं. "सरांनीच शिकवल्यानी." पंखा बंद झाला. दहा मिनिटं. चपला शोधणारे परत आले. डावी पाकळी नखभर घसरली आणि थांबली. चाळीस जणांचा श्वास तिच्याबरोबर घसरला आणि थांबला. मी मनातल्या मनात पाकळी वाळायला लागणारा वेळ काढला, मग ते गणित सोडून दिलं आणि लक्षात आलं, मी पुटपुटत होतो: उजवी, उजवी, गो बाय, उजवी. खांबावरचा माझा हात कधीच सुटला होता.

उजवीचं टोक उचललं. ती पाषाणावरून सुटली, हवेत एक गिरकी घेतली, माझ्यापेक्षा सहज, आणि देवीच्या पायाशी पडली.

देवळात जो गलका झाला तो क्रिकेटला होतो. अक्काचं तोंड पदरात होतं.

"बघलास, सर?" गुरुदास म्हणाला.

"ओलावा," मी म्हणालो.

"होय महाराजा," चाळीस जण म्हणाले.

गौरजा घड्याळाकडे पाहत होती. "तुम्ही बेचाळीस मिनिटं उभे आहात," ती म्हणाली. मला तोवर कंबर असल्याचंच आठवलं नव्हतं.

दुपारी अक्काने चार बांगडे खाल्ले. पाचव्याकडे हात नेताना ती म्हणाली, "आता तू समको बरो झालंस मां, तर मी देवीक..." गौरजाने घाईने तो पाचवा तिच्या ताटात वाढला.

मंगळवारी ब्रेंडा आली. मी तिच्याकडून फॉर्म मागून घेतला आणि रकान्यात लिहिलं: लोटांगण, एक प्रदक्षिणा, पुढच्या जत्रेत. तिने वाचलं. हसली नाही.

"जमीन कशी आहे, सर? फरशी की माती?"

"फरशी. मागच्या बाजूला थोडा उतार."

"उतार चढायचा की उतरायचा?"

"प्रदक्षिणा आहे. दोन्ही."

"आमच्या चर्चच्या फेस्ताला गुडघ्यांवर चालतात. त्याची तयारी मी करून घेतलीय," ती म्हणाली. "हे नवीन आहे. आधी डॉक्टरांना विचारते. ते हो म्हणाले तर सहाव्या महिन्यापासून कुशीवर वळायचं, गादीवर. मग चटईवर. मग फरशी." ती भराभर लिहीत होती. मला उगाच दहावीच्या पहिल्या दिवसासारखं झालं होतं.

"आणि आज?"

"आज पायरी. एकच."

मी पडवीच्या पायरीपाशी जाऊन उभा राहिलो. स्वयंपाकघरातून तेलाचा चर्र आवाज आला आणि पाठोपाठ अक्काचा.

"उजवो पाय आधी, रे."