ठेवून चालत नाही

धडामावशींना हे नाव कोणी दिलं ते चर्चमधल्या जुन्या मंडळींनाही सांगता आलं नसतं, पण चुकीचं दिलं असं कोणी म्हणालं नसतं. रविवारच्या शाळेत त्या मुलांना धडा द्यायच्या आणि आठवड्याचे उरलेले दिवस मोठ्यांना. 'विश्वास म्हणजे काय' हा त्यांचा हातखंडा. हात मागे बांधून तो घडाघडा म्हणून दाखवलेली पोरं आता टक्कल पडून मागच्या बाकांवर बसत, आणि मावशींनी मान वळवून पाहिलं की अजूनही पाठ ताठ करत.

अशी ही बाई चर्चच्या पायऱ्यांवर पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली.

घडलं ते अगदी साधं. उपासना संपली होती. मावशी सुनेचा हात धरून उतरत होत्या आणि उतरता उतरता तिला सांगत होत्या की गीत म्हणताना ती सगळ्यांच्या पुढे पळते, देवाला ऐकायची घाई नाही. हे त्या हळू सांगत होत्या असं त्यांना वाटत होतं. पुढच्या चार जणांनी मागे वळून पाहिलं, एकाने हसू दाबलं. सूनबाईने पर्सची चेन लावायला हात काढून घेतला. चेन आधीच लावलेली होती, पण तेवढ्यात मावशी खाली गेल्या होत्या.

हॉस्पिटलच्या दारात, स्ट्रेचरवरून आत नेत असताना, मावशींनी मान उचलून सुनेला सांगितलं, "मी तुला माफ केलंय हो." आजूबाजूला निम्मी मंडळी उभी होती. चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोने डोळे पुसले. नर्ससुद्धा क्षणभर थांबली. सूनबाई तेवढी कोरडीच राहिली. तिचंही बरोबर होतं म्हणा. एवढ्या साक्षीदारांसमोर मिळालेली माफी नाकारता येत नाही आणि वापरताही येत नाही. ती नुसती भिंतीवर टांगावी लागते.

मुलगा बोटीवर. त्याचा फोन यायचा, आवाज तुटायचा, "दोघी एकमेकींना सांभाळा" एवढं मात्र दर वेळी स्पष्ट ऐकू यायचं. घरी या दोघीच. सूनबाई चष्म्याच्या दुकानात कामाला. तांदळाच्या कणीएवढे स्क्रू ती बसवायची, लोकांच्या नाकाकानांवर चष्मा असा अलगद टेकवायची की म्हातारी गिऱ्हाइकं तिलाच मागून घेत. त्याच बोटांनी तिने सासूचा बिछाना बाहेरच्या खोलीत मांडला, न्हाणीघराच्या दाराला मूठ बसवून घेतली, दुकानातून अर्धा दिवस रजा मागून घेतली. मावशी प्रत्येक गोष्टीला "थँक्यू" म्हणाल्या. घरच्या माणसाला सासू थँक्यू म्हणायला लागली की समजावं, काहीतरी बिनसलंय.

हात मात्र त्यांनी तिचा एकदाही धरला नाही. ती पुढे झाली की त्या वॉकर ओढून घेत आणि म्हणत, "राहू दे, दिवसभर उभी असतेस, दमली असशील." बोलणं इतकं मऊ की त्याला टाचणीसुद्धा टोचता येऊ नये.

व्यायाम करून घ्यायला हॉस्पिटलातून एक मुलगी यायची. तिच्या हुद्द्याचं नाव मावशींच्या जिभेवर वळत नसे, म्हणून ती व्यायामवाली. खांद्याला मोठी पिशवी, पायात पांढरे बूट आणि तोंडाला आराम नाही. पहिल्या काही दिवसांत मावशींनी तिच्याकडून शाबासकी मिळवली. वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जायच्या, खिडकीपासून पलंगापर्यंत यायच्या. पडल्याला सहावा आठवडा लागला तेव्हा मात्र त्या मुलीला काहीतरी खटकलं. मावशींचे दंड भरत चालले होते आणि उजवी, मोडलेल्या बाजूची मांडी मात्र उतरत चालली होती.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून वजनाचे दोन काटे काढले, न्हाणीघरात ठेवतात तसे चपटे. शेजारी शेजारी मांडले. एका पायाखाली एक, दुसऱ्याखाली दुसरा. "उभ्या राहा मावशी. दोन्ही पायांवर सारख्या."

मावशी उभ्या राहिल्या. पाठ ताठ, चेहऱ्यावर उपासनेतला भाव. डाव्या काट्याची सुई सरसर पुढे गेली. उजव्याची हलली, थरथरली आणि चारावर येऊन थांबली. बाकीचं सगळं ओझं हातांनी वॉकरवर आणि डाव्या पायावर.

"चार किलो," व्यायामवाली म्हणाली. "मावशी, एवढं तर आमचं मांजर आहे."

मावशींनी काटा बिघडलाय असं सुचवलं. काट्यांची अदलाबदल झाली. दुसरा काटाही त्याच मताचा निघाला. मग मावशींनी उजव्या बाजूला कलून, श्वास रोखून, दात आवळून सुई सहावर नेली आणि विजयी मुद्रेने वर पाहिलं, तोवर ती परत चारावर आली होती. आयुष्यभर पोरांच्या खोड्या पकडलेल्या बाईला आपली खोडी एका पत्र्याच्या डब्याने पकडावी हे फार लागलं.

"हाड जुळलंय," ती मुलगी समजावत म्हणाली. "आत सळई आहे. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलंय. भार टाका बिनधास्त. विश्वास टाका पायावर."

"टाकतात कचरा," मावशी म्हणाल्या. त्यांची भाषा अजून शाबूत होती. "विश्वास ठेवतात. आणि तो मी ठेवलेलाच आहे. तुझ्या जन्माच्या आधीपासून."

"असेल हो. पण आमच्याकडे तो ठेवून चालत नाही, मावशी. टाकावाच लागतो."

बोलून ती काटे उचलून कोपऱ्यात ठेवायला लागली. आपण काय बोललो हे तिच्या गावीही नव्हतं. मावशींच्या मात्र ते कानात राहिलं. ठेवून चालत नाही.

जाताना तिने खरं काय ते सांगून टाकलं. पायाला भार मिळाला नाही तर मांडी अशीच वाळत जाणार, आणि मग चाकांची खुर्ची, कायमची. पुढच्या आठवड्यात डॉक्टर पाहून ठरवतील. तोवर वॉकर सोडायचा आणि एका बाजूने माणसाचा हात धरून चालायचं, कारण वॉकरवर त्या नुसत्या लोंबकळतात. माणसावर लोंबकळता येत नाही. "घरी सूनबाई असतात ना? मग झालं की. त्यांचा हात धरा." मावशी खिडकीबाहेर पाहू लागल्या. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

त्या रात्री, आणि पुढच्या दोन दिवसांत दुपारीही, मावशींनी प्रार्थना केली. रीतसर केली. आधी उपकारस्तुती, मग पापांची कबुली, मग मागणं. प्रभू, तुझ्यावर माझा भार टाकू दे. पलंगावर पडल्या पडल्या त्यांना अगदी शांत वाटायचं. कोणीतरी खालून हात लावलाय असं वाटायचं. मग त्या उठायच्या, वॉकर धरायच्या, पाय जमिनीला टेकायचा, आणि तो हात कुठे जायचा कोण जाणे. आडवं असताना विश्वास भरपूर होता. उभं राहिलं की चार किलो.

पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी आले तेव्हा मावशींनी सूनबाई स्वयंपाकघरात गेल्याची खात्री करून घेतली आणि त्यांना हे सांगितलं. आपला विश्वास खरा होता की नुसता पाठ होता, असंही विचारलं. हा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज लहान झाला. पाळकसाहेब त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळे उत्तर द्यायला जरा घाबरले. शिवाय गृहस्थ अंगाने भरलेले, व्यायामवालीने कोपऱ्यात ठेवलेल्या काट्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि खुर्ची थोडी लांब सरकवली.

"मावशी, खरं सांगू का," ते म्हणाले. "दर रविवारी त्या व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना मला आतून काहीही वाटत नाही. भीतीच वाटते. आधी शांती येऊ दे, मग चढतो असं म्हटलं असतं, तर तुम्ही सगळे अजून पहिल्या गीताची वाट बघत बसला असता."

मावशींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. हे त्यांनी शिकवलेलं नव्हतं.

शनिवारी दुपारी सूनबाई दुकानातून लवकर आली. चार किलोंचं आणि हात धरण्याचं व्यायामवालीने तिला फोनवर सांगितलं होतं. हात धुतले, पदर खोचल्यासारख्या बाह्या वर केल्या, आणि एक शब्द न बोलता वॉकर उचलून दाराबाहेर ठेवून आली. मावशी पलंगाच्या कडेवर बसून पाहत राहिल्या. सून समोर येऊन उभी राहिली आणि तिने आपला हात पुढे केला, कोपरात वाकवून, पायऱ्यांवर केला होता तसाच.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "दमली असशील."

"आई, मी दमलेली नाही."

तिने हात तसाच पुढे धरला. मग सूनबाई म्हणाली, "तुम्ही मला माफ केलंत ना?"

"केलं की. सगळ्यांसमोर केलं."

"सगळ्यांसमोर केलंत. माझ्यावर चार किलोसुद्धा टाकलं नाहीत."

एरवी मावशींना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हात मागे बांधून म्हणता यायचं. माफी दिली होती हे खरं, पण दिल्या दिवसापासून ती कुलूप लावून ठेवली होती, हेही आता त्यांना स्पष्ट दिसत होतं. देवावर भार टाकायला त्या तयार होत्या. देव पर्सची चेन लावत नाही. पण देवाने पाठवला होता तो हात हाच होता, दुसरा कुठला आलेला दिसत नव्हता.

"तू पुन्हा सोडशील," त्या शेवटी म्हणाल्या. यात राग नव्हता. सहा आठवडे गिळलेली भीती तेवढी बाहेर पडली.

आता सून 'कधीच नाही' म्हणेल, शपथ घेईल, रडेल, असं मावशींना वाटलं. त्यांना तेच हवं होतं. पक्कं, लेखी असल्यासारखं. सूनबाईने थोडा विचार केला. चष्म्याचा नंबर सांगताना करते तसा.

"सोडणार नाही असं कसं सांगू? त्या दिवशीही सोडायचा म्हणून सोडला नव्हता. वैताग आला आणि सुटला. वैताग मला पुन्हाही येईल, तुम्ही काय कमी आहात का." तिने कोपर आणखी पुढे केलं. "एवढंच सांगते, तुम्ही पडलात तर या वेळी मी खाली असेन. माझ्यावर पडाल."

मावशींनी तिच्या हाताकडे पाहिलं. बारीक हात. मनगटावर दुकानातल्या यंत्राचा जुना डाग. एवढ्या हाताच्या भरवशावर उभं राहायचं म्हणजे शहाणपणाचं कामच नव्हे. त्यांनी शांती येण्याची थोडी वाट पाहिली. ती आली नाही. भीती होती तिथेच राहिली. मग त्यांनी तो हात धरला, भीतीसकट उठल्या, आणि भीतीसकटच उजवा पाय पुढे टाकून त्याच्यावर उभ्या राहिल्या.

कळ मांडीतून थेट डोक्यात गेली. पाय थरथरला. शेजारचा हातही वाकला, कारण मावशी काही हलक्या नव्हत्या. पण पाय राहिला, आणि हातही राहिला. सळईने आणि सुनेने मिळून एक म्हातारी तोलून धरली होती. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं ते कळेमुळे, असं त्यांनी नंतर सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

"दुसरा," सूनबाई कुजबुजली.

"कळतंय मला," मावशी म्हणाल्या आणि दुसरा टाकला.

खिडकीकडे जायचं ठरलं होतं, पण मावशींचा पाय आपोआप आत वळला. भिंत, दाराची चौकट, मग स्वयंपाकघराचा उंबरठा. पडल्यापासून त्या इथे आल्याच नव्हत्या. आत पाहिलं आणि त्या जागच्या जागी थबकल्या. डबे हलले होते. सगळे. साखर जिथे होती तिथे मीठ, मीठ होतं तिथे कपबश्या. ज्या फळीला त्यांनी आपल्या लग्नापासून कोणाला हात लावू दिला नव्हता, ती पार रिकामी करून पुसलेली.

त्यांच्या हाताखालचा तो बारीक हात ताठ झाला. सूनबाई श्वास रोखून वाट पाहत होती. मावशींना ते त्वचेतून कळलं, जसं काट्याला वजन कळतं तसं. तोंडाशी आलेलं वाक्य चांगलं लांब होतं आणि उत्तम रचलेलं होतं. त्यांनी ते परत आत घेतलं. सोपं नव्हतं ते. पाय टाकण्याहून थोडं अवघडच.

"वरची फळी माझ्या हाताला पोचतच नव्हती," त्या म्हणाल्या. "उगीच इतकी वर्षं टाचा उंच केल्या."

हात हळूहळू सैल झाला.

"साखर कुठाय आता?"

"खाली. डाव्या हाताला."

"मला दाखव. आणि सोडू नकोस, वाकायचंय मला."

दोघी मिळून वाकल्या.