न दुमडलेला स्टीअरिंग कॉलम

मित्रांनो, मी एक जुना स्टीअरिंग कॉलम आहे. चालकाच्या हातातलं गोल चाक गाडीच्या पुढच्या चाकांशी जोडणारा लांब दांडा म्हणजे मी. माझा जन्म १९७० साली अमेरिकेत झाला. माझ्या बाहेरच्या दोन नळ्या एकमेकींत सरकतात. आतला दांडाही दोन तुकड्यांचा आहे आणि ते तुकडे प्लास्टिकच्या बारीक खिळ्यांनी जोडलेले होते. समोरून धडक झाली, की खिळे तुटावेत, मी सात इंच आत जावं आणि चालकाची छाती वाचावी, यासाठी ही रचना होती.

नऊ वर्षं मी बहारीनमधल्या एका सेडान गाडीत होतो. ती मोडीत निघाली आणि मी तिथल्या मआमीर गावाजवळच्या भंगारात पडलो. उन्हाचं मला काही वाटलं नाही. लोखंडाला वाटत नाही.

१९७९च्या थंडीत दोघांनी मला मीना सलमान बंदरावरच्या एका वर्कशॉपमध्ये आणलं. वसईचा डेनिस तिथे मेकॅनिक होता आणि पुण्याचा शिरीष इंजिनिअर. चाळीस वर्षं जुन्या गाडीच्या सांगाड्यात ताकदवान इंजिन बसवून डेनिस स्वतःसाठी हॉट रॉड बनवत होता. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपून तो कामाला लागे.

डेनिस सीटच्या जागी खोक्यावर बसला होता. शिरीष टेपने त्याच्या छातीपासून इंजिनामागच्या पत्र्यापर्यंतचं अंतर मोजत होता.

"शिरीषभाऊ, गाडी बनवताय की माझ्या नवऱ्याला शर्ट शिवताय?" डेनिसची बायको अ‍ॅलिस म्हणाली.

"शर्टाला कापड पुरणार नाही, वहिनी. पोट बघा."

"ए, पोट सोड, दांडा मोज." डेनिसने ट्रकचा अखंड कॉलम उचलला. "हाच घेऊ. हत्ती बसला तरी वाकणार नाही."

"म्हणूनच नको. धडक बसली तर तो सरळ तुझ्या छातीत येईल. हा दुसरा दुमडतो."

"दुमडणाराच घ्या," अ‍ॅलिस म्हणाली. "मला हा माणूस अख्खा पाहिजे."

अशी माझी निवड झाली. पुढच्या आठवड्यात शिरीष रजेवर पुण्याला गेला. हातोडा मारू नकोस, एवढं सांगायचं राहून गेलं.

डेनिस वसईत अखंड दांड्यांवर काम शिकला होता. तिथे कॉलम अडला, की हातोडा. मी पत्र्याच्या भोकात अडलो. त्याने वरून ठोके दिले. तिसऱ्या ठोक्याला माझे खिळे तुटले आणि चाक इंचभर मागेपुढे होऊ लागलं. भंगारातला माल झिजलेलाच असणार, असं डेनिसला वाटलं. दुमडणारा भाग खाली कुठेतरी असेल, असं त्याने धरलं.

"टाँका मार दे, जमालभाई," तो वेल्डर जमालुद्दीनला म्हणाला.

जमालुद्दीनने मला बाहेर काढलं आणि दांडा व नळ्या दोन्ही वेल्डिंगचे टाके मारून जागी पक्क्या केल्या. "खलास. अब तेरा ससुर भी नहीं हिला सकता."

डेनिसने वर काळा रंग दिला. शिरीष परत आला.

"बसवताना काही त्रास?"

"मफी. काहीच नाही. एकदम घट्ट."

शिरीषने चाक ओढून पाहिलं. हललं नाही. तो खूश झाला.

मार्च १९८०मध्ये सित्र्याच्या रस्त्यावर पुढच्या पाण्याच्या टँकरने अचानक ब्रेक मारला. डेनिस गाडी चालवत होता, वेग ताशी चाळीस किलोमीटर असेल; आम्ही टँकरवर आदळलो. मी जागचा हललो नाही. डेनिसच्या चार बरगड्या मोडल्या, एक फुप्फुस फाटलं. तो जगला, पण इंजिन उचलण्याजोगा राहिला नाही. व्हिसा रद्द झाला. अ‍ॅलिसने सामान बांधलं आणि दोघं वसईला गेली.

शिरीषने मला मोडक्या गाडीतून काढलं. रंग खरवडला. खाली टाके दिसले. मग त्याने ते कापले आणि मला प्रेसखाली उभं केलं. मी एक इंच आत गेलो, तीन इंच, सात इंच. कुठेही अडलो नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू ढिली लागली, तर ती घट्ट करण्याआधी ती तशी का केली आहे हे विचारा. आणि ते तुम्हाला माहीत असेल, तर रजेवर जाण्याआधी सांगून जा.