आदर्श विहिरीतलं पाणी

मी एक जुनी विहीर आहे, मित्रांनो, पण माझ्यात थेंबभरही पाणी नाही. मी प्लास्टरची आणि वीतभर उंचीची. वऱ्हाडातल्या एका मेडिकल कॉलेजात, लोकांचं आरोग्य शिकवणाऱ्या विभागात, काचेच्या कपाटात बसलेली असते.

नत्थुजी नावाच्या कारागिराने मला घडवलं. कठडा, ओटा, सांडपाण्याची नाली, वर झाकण आणि आत निळा रंग. "अशी विहीर कोन्या गावात नाई सापडाची," असं म्हणून त्याने ब्रश धुतला. त्या एका वाक्यावर मी किती वर्षं फुगून बसले होते!

मुलं येतात ती परीक्षेच्या दिवशी. माझ्यासमोर उभं राहून 'आदर्श विहीर' असं लिहितात, कठड्याची उंची लिहितात आणि घंटा वाजली की पुढच्या कपाटातल्या डासाच्या नमुन्याकडे सरकतात. उरलेलं वर्ष मी आणि शेजारच्या बाटलीतला जंत. फार एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू?

गेल्या वर्षी शिकवणाऱ्या सीमा मॅडमनी मला मांडीवर घेतलं आणि बसने तेल्हाऱ्याकडच्या एका गावी नेलं. तिथली काही घरं तब्येतीची विचारपूस करायला एकेका विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून नेमून दिलेली असतात. हर्षा नावाच्या विद्यार्थिनीकडे जानरावांचं घर होतं. मॅडमनी मला खऱ्या विहिरीच्या ओट्यावर ठेवलं. मुलांनी ताडून पाहिलं. कठडा ठीक, नाली ठीक, झाकणही ठीक. मी मनातून खूश झाले.

तेवढ्यात जानरावांची बायको, पार्बताबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली. हर्षाने जानराव काकांची चौकशी केली.

"दवाखान्यात हायेत. किडन्या गेल्या म्हनतात. मुतखडा होता तवा तुमीच त सांगतलं होतं, लय पानी पेत जा. पेलं त्यायनं."

"मग?"

"याच विहिरीचं पेलं. नळाले बारा दिवसांनी पानी येते. ते गोडं पानी नातवासाठी ठेवलं. तुमी पेऊन पाहा नं."

हर्षाने घोट घेतला. खारट. या पट्ट्यात अशा पाण्याने किडन्या बिघडतात म्हणतात. तिला तो गिळवेना आणि पार्बताबाईसमोर थुंकवेनाही. शेवटी तिने तो गिळला.

"कोणतं पाणी, ते मी विचारलंच नाही," ती म्हणाली.

पार्बताबाईने तिला बोल लावला नाही. तांब्या उचलून ती घरात गेली. मला माझ्या निळ्या रंगाची लाज वाटली.

परतल्यावर हर्षाने माझ्या बुडाशी चिठ्ठी चिकटवली, 'या घरात कोण कोणतं पाणी पितं?' पुढे कॉलेजची सरकारी तपासणी आली, कपाट साफ झालं आणि कुणीतरी चिठ्ठी खरवडून काढली. आता डिंकाचा डाग तेवढा उरलाय. यंदाही मुलं कठड्याची उंची बरोबर लिहून गेली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण डॉक्टर झालात की 'भरपूर पाणी प्या' म्हणण्याआधी त्या घरचं पाणी एकदा पिऊन पाहा. जानराव आता आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिसला जातात. त्यांना दिवसाला दोनच पेले पाणी चालतं. घरचे आता त्यांना गोडं देतात.