कोणालाही काढणार नाही

मित्रांनो, मी मार्करने लिहायचा पांढरा फळा आहे. आता जुना झालो. एका कोपऱ्यात माझा पत्रा उघडा पडला आहे. अकोल्याच्या एका लहानशा कारखान्यात पत्र्यावर पांढरा लेप चढवून, ॲल्युमिनियमची चौकट बसवून मला घडवलं. तिथून मी अमरावतीला आलो, राजापेठेतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. कंपनीचे मालक हेमचंद्र साहेब यांच्या खोलीत मला टांगण्यात आलं.

साहेब पुण्याची मोठी नोकरी सोडून गावी परतले होते. "आपल्या पोरांनी कामासाठी गाव काहून सोडायचं?" असं ते भेटेल त्याला विचारत. परदेशातल्या एका कंपनीचं मोठं काम त्यांना मिळालं आणि तीस जणं कामाला लागली. त्या वर्षांत संध्याकाळपर्यंत माझ्यावर बोटभर जागा उरत नसे. पाहुणे आले की साहेब म्हणत, "आमचं सगळं डोकं या फळ्यावर आहे." मी सुखावून जाई.

मग मंदी आली. इतर कंपन्यांतून माणसं काढल्याच्या बातम्या रोज येऊ लागल्या. डबा खातानाही कोणी बोलेनासं झालं. एका सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'मंदी येते आणि जाते. कोणालाही काढणार नाही.'

"अशी मंदी मी आधीही पाहिली आहे," ते म्हणाले. "काम कमी आहे तोवर नवीन शिकून घ्या. बाजार उठेल तेव्हा आपण तयार असू."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला ते वाक्य अंगावर मिरवावंसं वाटलं. ते कोणी पुसलं नाही.

प्राजक्ता अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याची. चार वर्षांपासून इथे होती आणि कठीण काम तिच्याचकडे येई. पुढच्या आठवड्यात एका दुपारी तीन वाजता ती साहेबांच्या खोलीत आली. त्याच सकाळी परदेशातल्या त्या कंपनीचं पत्र संगणकावर आलं होतं. काम महिन्याभरात बंद होणार होतं. साहेब ते वाचून कितीतरी वेळ कपाळ धरून बसले होते. कोणाला मात्र काहीच बोलले नव्हते.

"सर, हैदराबादची नोकरी मिळाली आहे," ती म्हणाली. "पाचपर्यंत कळवायचं आहे. इथं काम राहणार असेल तर मी नाही म्हणते."

साहेबांनी संगणकाचा पडदा किंचित वळवून घेतला. "राहणार ना. थांब तू."

ती हसून गेली. मला बोलता आलं असतं तर मी बोललो असतो.

वीस दिवसांनी साहेबांनी एकेकाला आत बोलावलं. पंधरा जणांना काढलं, त्यात प्राजक्ता होती. तिची पाळी आली तेव्हा तिने विचारलं,

"सर, त्या दिवशी तुमाले मालूम होतं?"

साहेब म्हणाले, "होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"वाटलं, तोवर दुसरं काम मिळवीन. खूप धडपडलो, प्राजक्ता."

"काल कुणकुण लागली, मंग हैदराबादले फोन केला मी. जागा भरली. त्या दिवशी पाच वाजाले दोन तास होते, सर."

ती निघून गेली. तिचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. साहेबांनी उठून माझ्यावरचं वाक्य स्वतःच्या रुमालाने पुसलं. वर्ष संपायच्या आत कंपनी बंद पडली. खुर्च्यांबरोबर मीही विकला गेलो आणि तुमच्या शिकवणीच्या वर्गात आलो.

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसू नका, पत्रा गंजतो. आणि तुमच्यापैकी कोणी मोठा साहेब झाला, कोणी मोठी मॅडम झाली, तर धीर जरूर द्या. पण ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे, त्याला वाईट बातमी आधी सांगा. धीर नंतर दिला तरी चालतो.