सपाट तुझं, घाट माझा

सापगावच्या बुद्धभूषणने बायकोला बुलेट चालवायला दिली हे गावभर माहीत होतं, कारण सांगत तोच फिरायचा. किती दिली, ते मात्र सांगत नसे. दोन हजार तीनच्या सप्टेंबरात दोघं राजस्थानमार्गे लडाखला निघाली, तेव्हा अंगणातच त्याने वाटणी उरकली. "सपाट रस्ता तुझा, घाट माझा."

थोरला भाऊ भाताची खाचरं आपल्याकडे ठेवून धाकट्याच्या गळ्यात खडकाळ वरकस माळ घालतो, त्यातलीच ही तऱ्हा. संघरत्नाला ते कळत नव्हतं असं नाही. उपकेंद्राची नर्स ती, एम-एटी दुचाकीवरून डोंगरातले पाडेन्‌पाडे हिंडलेली. सगळ्या प्रवासात तिला हवं होतं ते एवढंच, की बुलेटवर एक तरी घाट आपल्या हाताने घ्यावा. पण निघतानाच भांडण नको, म्हणून ती पिशव्या आवळायला लागली.

राजस्थान तिच्या वाट्याला आलं. जैसलमेरकडचा रस्ता इतका सरळ की हँडल धरायचं ते रीत म्हणून. दोन्हीकडे पिवळी वाळू, मधेच एखादं काटेरी झाड, त्याच्या तोकड्या सावलीत दाटीवाटीने उभ्या शेळ्या. डांबरावरून वाळू सापासारखी सरपटत जायची. मागे बुद्धभूषण डुलक्या घेत होता आणि त्याचं हेल्मेट तिच्या पाठीवर टकटक वाजत होतं.

मनालीला त्याने चावी मागून घेतली. रोहतांग त्याने झोकात चढवला, खोटं कशाला बोला! खिंडीपलीकडे मात्र मुलूखच बदलला. हिरवं सगळं मागे अडकलं. पुढे भाजक्या विटेच्या रंगाचे उघडे डोंगर, माथ्यावर बर्फ, आणि खाली दोऱ्यासारखी नदी.

माळशेजच्या माथ्यावर आलं की आपल्याकडच्या गडीमाणसाचा हात आपोआप चावीकडे जातो. इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, तेवढंच पेट्रोल वाचलं. बुद्धभूषणने रोहतांग उतरतानाही तेच केलं.

"अहो, गिअरात ठेवा," संघरत्ना म्हणाली.

"मला शिकवतंस गो? माळशेज झोपेत उतरतो मी."

माळशेज संपतो तरी. हा उतार काही संपेना. वळणामागून वळण, दोन माणसं, दोन पिशव्या, तंबू, आणि सगळा भार ब्रेकवर. आधी जळका वास आला. मग बुद्धभूषणचा पाय पॅडलवर पार खाली गेला, तरी गाडी थांबेना.

"ब्रेक लागत नाय!"

रस्त्याच्या कामाची खडी कडेला रचून ठेवली होती. त्याने गाडी सरळ तिच्यात घातली. पुढचं चाक रुतलं, दोघं कुशीवर पडली. खडीच्या पलीकडे दरी होती. लागलं कुणालाच नाही. संघरत्नाने मागच्या चाकाच्या ड्रमवर पाण्याचा थेंब टाकला. तो चर्र करून उडाला.

मागून आलेला ट्रक थांबला. "गाडी ट्रक पे चढा दूँ, भाईसाब?" सरदारजीने विचारलं.

"हां, हां," बुद्धभूषण घाईघाईने म्हणाला.

"नहीं," संघरत्ना म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. "गार झाला का ब्रेक लागंल. मी उतरवते."

"तुला घाटाची सवय नाय."

"मंग पाड्यांवरून काय उडून येते? ती एम-एटी बंद केली तर परत चालू होत नाय. म्हणून मी ती कदी बंदच करत नाय. गिअरातच उतरते."

"ती एम-एटी गो. ही बुलेट हाय!"

"उतार तर उतारच ना?"

"आन् पडलो तर?"

"तुमचं पाडून झालं. आता माझी पाळी."

सरदारजी खो खो हसला आणि ट्रक घेऊन पुढे गेला. ड्रमला हात लावता येईपर्यंत संघरत्ना थांबली. ब्रेक तीनतीनदा दाबून पाहिला, गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि मागे न बघता म्हणाली, "बसा."

गाडी धडधडत, रोखून धरल्यासारखी उतरू लागली. वळण आलं की ती आधीच वेग कमी करी. ब्रेकला नुसता पाय लावी. मागे बुद्धभूषण सुरुवातीला प्रत्येक वळणावर स्वतःच पाय दाबत होता. निम्म्यावर आल्यावर त्याचा पाय थांबला. खालच्या ढाब्यावर पोचेपर्यंत संघरत्नाचे दंड दगड झाले होते, तरी चहा तिनेच सांगितला.

"उद्या बारालाचा खिंडीचा घाट," तो हळूच म्हणाला. चावी मागितली असं वाटू नये, इतक्या हळू.

"तो पण मीच घेणार. लेहपर्यंत जेवढे येतील तेवढे."

"मंग मी काय करू?"

"मागं बसा. डोंगर बघा."

दुसऱ्या दिवशी बारालाचा खिंड चढताना एका बाजूला डोंगर जांभळा होता, दुसऱ्या बाजूला गंधकासारखा पिवळा. मधल्या तळ्यात निळंशार पाणी होतं.

"अगो, ते बघ! तळं बघ! अगो, बघ ना!" बुद्धभूषण तिच्या खांद्यावर थापा मारत ओरडत होता.

"मला दाखवू नका," संघरत्नाने गिअर खाली टाकला. "मला रस्ता बघायचाय."