धानकाट्याचा फुकटचा प्रोग्राम

मी एक जुना प्रोग्राम आहे. मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत आणि किंमतही नाही. मूल गावातल्या एका राइस मिलमध्ये धानाचा काटा आहे. काट्यावर पोते ठेवले, की वजन वाचून पावती काढणे हे माझे काम. मला ओपन सोर्स म्हणतात. म्हणजे गावची विहीर: पाणी कुणीही न्यावे, गाळ कुणीतरी काढावा.

माझा जन्म दूरच्या शहरात झाला. तिथले लोक हुशार, पण त्यांना फक्त किलो ठाऊक. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना किलो सांगितले, की ते काट्याकडे संशयाने बघतात. खंडी आणि कुडो ही जुनी मापे ऐकली, तरच धान आपले वाटते. ती मापे मला शिकवली सावली गावच्या दिव्यानीने. ती दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात राबायची आणि सांजेला माझ्यात डोके घालायची. हे काम दिव्यानीचे आहे, एवढे कुणीतरी म्हणावे, हीच तिची आस.

हळूहळू सिंदेवाहीपर्यंतचे काटे खंडी-कुडोत पावत्या देऊ लागले. मात्र कॉम्प्युटरमध्ये काही नवे आले, की मी मुका व्हायचो. मग मिलचे दिवाणजी मुखरूभाऊ तिला फोन करायचे.

"दिव्यानी, तुहा प्रोग्राम बसला ना वो! लोकं धान घेऊन उभे हायेत."

"भाऊ, मी कामावर आहो. सांजेले पायते."

"काऊन? तू फुकट करतेस म्हून आमी फुकट उभं राहावं का?"

ती जेवणाची सुटी मोडायची आणि मला बोलते करायची.

दसऱ्याला मिलमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली. भरडाईच्या मशीनला झेंडू, काट्याला नारळ, माउसला हळदीकुंकू. माउस तेव्हापासून चालत नाही. मला कुंकू कुठे लावावे, हे न सुचून मुखरूभाऊंनी ते पंख्याला लावले. माउस बघायला दिव्यानीलाच बोलावले. मालकांनी विचारले, "ही कोण?" मुखरूभाऊ म्हणाले, "वायर जोडते."

त्याच महिन्यात माझी नवी आवृत्ती निघाली, दिव्यानीच्या खंडी-कुडोसकट. शहरातल्या लोकांनी सर्वांचे जाहीर आभार मानले. बटणाचा रंग बदलणाऱ्याचे मानले. कीबोर्डवरून चालत गेलेल्या मांजरीचेही मानले. दिव्यानीने ते दोनदा वाचून आईला, धुरपताबाईंना, दाखवले.

धुरपताबाई म्हणाल्या, "मांजरीचं नाव हाये, मंग तुहं काऊन नाई?"

"मांजर त्याईच्या घरची हाये, माय."

त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही. मी पुन्हा मुका झालो. मुखरूभाऊंनी फोन केले, कॉम्प्युटरला दोन थापडा मारल्या, लिंबू-मिरची बांधली. ती आता सांजेला ओसरीत लाखोळीची डाळ निवडत बसते. फोन वाजतो, ती खडे वेचते. मिलमध्ये मुखरूभाऊ बोटांवर कुडो मोजतात आणि रोज कुणाशीतरी भांडतात. माझी आठवण निघते ती शिवीतच.

मित्रांनो, फुकटची वस्तू जपा आणि ती घडवणाऱ्याला वेळेवर ओळखा. मोहफूलही फुकट पडते, पण झाड कोणते, हे वेचणाऱ्याला ठाऊक असते. माझे झाड सावलीला आहे. दिव्यानी तिचे नाव. ते मी प्रत्येक पावतीवर छापायला तयार आहे.

पण मला सुरू कोण करणार?