जपानी लुगडं

गिरिजाबाईंनी उकळत्या पाण्यातला रेशमाचा शेवटचा कोष काडीने पुढे ओढला, त्याची तार हेरली आणि चरख्यावर चढवली. त्यांची लेक वनजा चरखा फिरवत होती. तार संपली तरी तो थोडा वेळ रिकामाच फिरत राहिला.

ओसरीवर वेंकटरमण शेट्टी बसले होते. या घरचं रेशीम वर्षानुवर्षं तेच विकत घेत. त्यांनी सुताची लड उजेडात धरली आणि परत खाली ठेवली.

"सूत चांगलं आहे, अम्मा. पण बेंगळूरचे विणकर घेत नाहीत. जपानहून बोटी भरभरून रेशीम येतंय. तिकडे अमेरिकेत मंदी, रेशमाला गिऱ्हाईक नाही. मग जपानी ते मिळेल त्या भावाने इकडे ओततात."

"अमेरिकेतल्या बायका रेशीम नेसेनात, म्हणून माझा चरखा बंद?"

शेट्टींनी पायांत वहाणा घातल्या.

"तसंच म्हणायचं आता," ते म्हणाले आणि लड तिथेच ठेवून गेले.

घर चालत होतं ते त्या चरख्यावर. गिरिजाबाईंचे यजमान मानाजीराव पूर्वी महाराजांच्या घोडदळात होते. घोड्यावरून पडून पाय अधू झाल्यापासून घरीच असत. वनजाचं लग्न तोंडावर आलेलं. मानाजीरावांनी महिनाभर गिऱ्हाइकाची वाट पाहिली आणि चरखा मोडीत काढला. कोष उकळायचं तांब्याचं पातेलंही विकायला काढलं. पातेलं न्यायला माणूस आला तेव्हा त्याला थांबवून गिरिजाबाईंनी ते चिंचेने लख्ख घासून दिलं.

त्या संध्याकाळी मानाजीराव त्याच पैशांतून घेतलेलं पुडकं घेऊन आले. आत डाळिंबी लुगडं होतं.

"अय्यो, रेशमी!" वनजा हरखली.

"जपानी आहे," ते खाली बघत म्हणाले. "आपल्याकडच्या रेशमाचा एवढ्या पैशांत पदरही आला नसता."

गिरिजाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. अर्धं आयुष्य त्यांच्या हातांतून रेशीम गेलं होतं. अंगावर मात्र कधी आलं नव्हतं. लग्नातही त्या सुतीच नेसल्या होत्या. त्यांची आईसुद्धा.

वनजा लुगड्याची घडी छातीशी धरून दारात येऊन उभी राहिली.

"अम्मा, तुला नको असेल तर मी सुती नेसते."

"आण इकडे."

त्यांनी घडी चुलीच्या उजेडात उलगडली. तार जाड-बारीक कुठे होते ते त्या बराच वेळ शोधत राहिल्या. कुठेच होत नव्हती.

"नेस," त्या म्हणाल्या. "शोभेल तुला."

लग्नाच्या दिवशी मांडवात बायकांनी वनजाभोवती कडं केलं. त्यांत पलीकडच्या गल्लीतली सीतालक्ष्मीही होती. तिच्या घरचा चरखा अजून कसाबसा चालत होता, आणि तिच्या लेकीचं, वेदवतीचंही लग्न ठरलं होतं. तिने वनजाचा पदर हातात घेतला, दोन बोटांत चोळून पाहिला. मग तिने गिरिजाबाईंकडे पाहिलं.

"कुठलं गं हे, गिरिजा?"

गिरिजाबाईंनी लेकीच्या खांद्यावरची चुणी नीट केली.

"मार्केटाजवळच्या दुकानातलं," त्या हळूच म्हणाल्या. "स्वस्त आहे. अजून असतील. वेदवतीसाठी उद्याच जाऊन घे."